नवस नाही, खरेदी नाही... नुसतं चालायचं!

बाईनं घराबाहेर पडायची आपल्याकडं ठरलेली कारणं आहेत. देवदर्शन, लग्नकार्य, माहेर, दवाखाना, बाजार, मुलांची शाळा. नोकरी असेल तर ऑफिस. यातलं एखादं कारण पुढं केलं की कुणी अडवत नाही. बाईपण निवांत आणि घरचेही निवांत. पण या यादीत नसलेलं कारण सांगून बघा बरं!

आम्ही भिंगारच्या आठ जणी येत्या डिसेंबरात मुंबईला निघालोय. सिद्धिविनायकाला नाही, कुणाच्या साखरपुड्यालाही नाही. दिवसभर मुंबईच्या जुन्या भागात पायी फिरायचं, डोळे भरून बघायचं आणि फोटो काढायचे, एवढंच. आठ जणींमध्ये बचत गटातल्या पाच, गल्लीतल्या दोन आणि मी. सगळ्यात धाकटी बत्तीस वर्षांची, सगळ्यात थोरली एकसष्टची. घरोघरी हा बेत सांगितला आणि आठही घरांतून एकच शब्द आला, "कशाला?"

पैशांचा प्रश्न नव्हता. महिन्याला थोडी थोडी भिशी टाकून ती सोय केली होती. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळं प्रवासही आवाक्यात आला. काळजीचा प्रश्नही फारसा नव्हता, कारण आठ जणी बरोबर आहोत. अडचण होती ती कारणाची. "एवढ्या लांब जाताय तर महालक्ष्मीचं दर्शन तरी घेऊन या," असं एका सासूबाईंनी सुचवलं. भावना चांगलीच होती. पण दर्शन घातलं की बेत पवित्र होतो आणि नुसतं फिरणं म्हटलं की उनाडकी होते, हे काही माझ्या पचनी पडेना.

चौकातल्या टपरीवर दोन-दोन तास उभ्या असलेल्या पुरुषाला कुणी विचारतं का, "कशाला उभा आहेस?" नाही विचारत. तो उभा आहे एवढं पुरतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईत याच गोष्टीचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाई रस्त्यावर असते ती काहीतरी काम असल्यासारखी, असं त्यांना दिसलं. हातात पिशवी, कानाला फोन, पायांत लगबग. मी कामाला निघालेय, उगाच नाही आले, हे तिला सारखं दाखवावं लागतं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला उगाच भटकण्याचाही हक्क आहे. मला ते शंभर टक्के पटलं. पण हक्क आहे म्हणून लगेच पिशवी उचलून निघता येत नाही. हक्क वापरायचा तर आखणी लागते, आणि आखणीत आपण बायका कुणाला हार जाणार आहोत का?

लांब चालणं आपल्याला नवं नाही, मैत्रिणींनो. आपल्या जिल्ह्यातल्या बाया दिंडीत पंढरपूरपर्यंत चालतात, नवरात्रात मोहटादेवीला पायी जातात. दिंडीत मुक्काम कुठं, पाणी कुठं, जेवण कुणाकडं, म्हाताऱ्यांनी कधी गाडीत बसायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. आमच्या मुंबईच्या बेताला आम्ही हीच दिंडीची शिस्त लावली. फरक एवढाच, की इथं नवस नाही.

आधी एक रंगीत तालीम केली, गेल्या महिन्यातल्या एका रविवारी. भिंगारमधून निघायचं, किल्ल्याच्या बाहेरून माळीवाडा वेस, तिथून कापड बाजार आणि शेवटी दिल्ली दरवाजा. साधारण पाच-सहा किलोमीटर. आम्ही लष्करी छावणीला खेटून राहणारी माणसं. फोटोला मनाई असलेले फलक बघतच मोठ्या झालो. त्यामुळं कॅमेरा कुठं काढायचा नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. कुठं काढायचा, हे मात्र शिकावं लागलं.

या तालमीत तीन गोष्टी कळल्या. पहिली पायांची. एकीनं नव्या चपला घातल्या होत्या आणि वेशीपर्यंतच तिच्या टाचेला फोड आले. तेव्हाच ठरलं, मुंबईला जुने, पायाला बसलेले बूट किंवा सँडल, आणि साडी असो की ड्रेस, पायात येणार नाही असाच. दुसरी गोष्ट फोटोंची. आठ जणींनी मिळून दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर बघण्यासारखे नऊ निघाले! दिसेल त्यावर बोट दाबत सुटलं की असंच होतं.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. दर पन्नास पावलांवर कुणीतरी ओळखीचं भेटत होतं आणि विचारत होतं, "कुठं निघालात सगळ्या?" आमच्यातल्या थोरल्या काकू तिसऱ्या वेळी पटकन बोलून गेल्या, "दवाखान्यात!" आम्ही सगळ्या हसलो, काकूही हसल्या. पण नंतर विचार केला तर हसू येईना. एकसष्ट वर्षांच्या बाईला 'फिरायला निघालेय' म्हणण्यापेक्षा 'आजारी आहे' म्हणणं सोपं वाटतं. आजारपणाला मान आहे, हौसेला नाही.

म्हणून तर मोठं शहर! गावात पायाला रस्ता ओळखीचा असतो, पण प्रत्येक कोपऱ्यावर जाब असतो. मुंबईत जाब विचारणारं कुणी नाही. तिथं आपण कुणाची सून नाही, कुणाच्या वहिनी नाही. पण त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. तालमीच्या दिवशी एकीला बाथरूमला जायचं होतं, तर आम्ही सरळ कापड बाजारामागं तिच्या चुलत नणंदेच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले, पाऊण तास गेला, पण अडचण मिटली. मुंबईत नणंदेचं घर कुठून आणणार?

मैत्रिणींनो, म्हणूनच आमच्या आखणीच्या कागदावर पहिली ओळ इमारतींची नाही, स्वच्छतागृहांची आहे. कुणाला हसू येईल. पण प्रवासाला निघालं की पाणीच न पिणाऱ्या किती बाया आपल्यात आहेत, ते आठवा. आरोग्य शिबिरात लघवीच्या जळजळीची तक्रार सांगणाऱ्या बायांना मी विचारते, "पाणी किती पिता?" तर उत्तर येतं, "बाहेर असलो की नाहीच पीत." हा काही एकट्या-दुकट्या बाईचा स्वभाव नाही, शहरांनी लावलेली सवय आहे. मुंबईत याच प्रश्नावर २०११ मध्ये अनेक संस्थांनी मिळून 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं तर हायकोर्टात याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यावरून जाणाऱ्या बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करा, असे आदेश महापालिकांना दिले. त्याच उच्च न्यायालयाची १८७८ ची दगडी इमारत आमच्या वाटेवर आहे. तिचा फोटो काढताना मला त्या मासिकवाल्या बायांची आठवण येणार, हे नक्की.

तर कागदावर मोठी रेल्वे स्टेशनं, संग्रहालय, बसून खाता येईल अशी हॉटेलं, यांच्यावर आधी खुणा केल्या. एका खुणेपासून दुसरी तासाभराच्या आत गाठायची. मधली वाट कशीही वळली तरी चालेल. पाण्याची बाटली प्रत्येकीकडं आणि ती भरून परत आणायची नाही!

यानंतर आला उजेड. फोटो म्हणजे शेवटी उजेडच. माझ्या मुलानं सांगितलं, की इमारतीचं तोंड कुठं आहे ते बघून तिथं पोचायची वेळ ठरव. मी मनात म्हटलं, हे तर आम्हाला येतंच! कुरडया-पापड घालणाऱ्या बाईला गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येतं नि किती वाजता सावली पडते, हे घड्याळाशिवाय कळतं. वाळवणाची विद्या आम्ही मुंबईच्या नकाशावर चालवली, झालं.

ती अशी. रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे मुंबई सेंट्रल. तिथून लोकलच्या महिला डब्यानं चर्चगेट. याच चर्चगेटहून ५ मे १९९२ रोजी बोरिवलीपर्यंत फक्त बायकांसाठी आख्खी लोकल सुरू झाली होती. स्टेशनवर तोंड धुऊन, चहा घेऊन आम्ही ओव्हल मैदानावर जाणार. या मैदानाच्या एका बाजूला इंग्रजांच्या काळातल्या टोकदार कमानींच्या दगडी इमारती, तर दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या सुमारास बांधलेल्या, गोलाकार सज्जांच्या, आर्ट डेको धाटणीच्या. दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. गोल सज्जांच्या इमारतींचं तोंड पूर्वेला, म्हणून त्या सकाळी. समोरच्या दगडी इमारती पश्चिमेकडं बघतात, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळी परत यायचं. एकच मैदान दोनदा!

दहानंतर ऊन तापतं, फोटोही पांढरेफटक येतात. त्या वेळात काळा घोडा भागातलं संग्रहालय. मग फ्लोरा फाउंटनवरून दादाभाई नौरोजी रस्ता. इथं इमारतींच्या खालून कमानींचा झाकलेला फुटपाथ आहे, भर दुपारीही सावलीत चालता येतं. पुढं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या मंडईच्या दारावर दगडात शेतकरी कोरलेत. ते वर मान करून बघितल्याशिवाय दिसत नाहीत आणि पिशवी सांभाळणारी बाई मान वर करत नाही. जोतिबांच्या नावाच्या मंडईत मला आमच्या नगरचा अभिमान वाटणार, कारण सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते नगरला, मिस फॅरार यांच्याकडं.

तिथून जवळच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. तिथं दोन मिनिटं थांबायचं ते होमाई व्यारावाला यांच्यासाठी. १९१३ मध्ये जन्मलेली ही पारशी मुलगी याच संस्थेत शिकली आणि देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार झाली. साडी नेसून, सायकलवर कॅमेरे घेऊन ती दिल्लीभर फिरायची. देशाला स्वातंत्र्य मिळतानाचे फोटो तिनं काढले. २०११ मध्ये तिला पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये ती गेली. पण सुरुवातीला तिचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. नजर बाईची, नाव पुरुषाचं!

दुपारी तीननंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या या स्टेशनाचं तोंडही पश्चिमेला. मग हॉर्निमन सर्कलसमोर एशियाटिकचा टाउन हॉल, १८३३ चा. याच ग्रंथालयात दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं वाचत बसल्या. त्या पायऱ्यांवर आमचा डबा सुटणार, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. साडेपाचच्या आत ओव्हलवर परत, राजाबाई टॉवरसाठी. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देऊन १८७८ चा हा घड्याळाचा मनोरा आईच्या नावानं उभा केला. शेवटी मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर, पण थांबत थांबत बारा तासांत.

फोटोंचा विषयही ठरवून घेतलाय, म्हणजे पुन्हा दोनशे फोटो आणि नऊ बरे, असं नको व्हायला. विषय आहे, दगडातल्या बाया आणि चालत्या-बोलत्या बाया. बघा ना, कारंज्यावर फ्लोरा देवी उभी आहे. टर्मिनसच्या मोठ्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई आहे आणि तिचं नाव आहे 'प्रगती'. मनोऱ्याला राजाबाईंचं नाव आहे. या शहरानं बाईला घुमटावर चढवलं, पण खाली रस्त्यावर तिला बसायला बाक आणि जायला बाथरूम द्यायला विसरलं. म्हणून वर एक फोटो दगडातल्या बाईचा, तर खाली एक रस्ता झाडणाऱ्या ताईंचा, डबा घेऊन पळणाऱ्या मुलीचा, फुलं विकणाऱ्या मावशीचा. प्रत्येकीनं दिवसभरात जास्तीत जास्त तीस फोटो काढायचे. कॅमेरा म्हणाल तर मोबाइल पुरतो. बरोबर पॉवर बँक, आणि भिंगावरचा हळदी-तेलाचा हात आधी मऊ कापडानं पुसायचा! स्टेशन, न्यायालय अशा ठिकाणी आत फोटो चालतो का, ते आधी विचारायचं.

आणि एक नियम, ज्यावर मी अडून बसले. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. फुटपाथवर झोपलेल्यांचा तर नाहीच. सामाजिक काम करताना मी हे फार जवळून पाहिलंय. धान्याचं पाकीट देताना चार हात पाकिटाला आणि सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडं. घेणारी बाई मान खाली घालून उभी. तिला कुणी विचारलेलं नसतं. ज्या नजरेचा आपल्याला त्रास होतो, ती नजर आपण दुसरीवर टाकायची नाही. "ताई, काढू का एक?" एवढं विचारायला काय जातं? नाही म्हणाली तर दोन शब्द बोलून पुढं जायचं.

आता काही जणी म्हणतील, "आपल्याकडं पाण्याला रांगा आणि ह्यांना फोटो सुचतायत!" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मी सांगू शकते, की तालमीतल्या त्या नऊ फोटोंपैकी दोन बंद दिव्यांच्या खांबांचे होते आणि ते जोडून आम्ही अर्जही केलाय. जी बाई रस्ता निवांत बघत नाही तिला खांबावरचा दिवा फुटलेला दिसतच नाही. ती खाली मान घालून भरभर निघून जाते. पण खरं सांगू? हे उत्तर मला पुरतं आवडत नाही. कारण अर्ज दाखवला की फिरणं परत कामाचं झालं, म्हणजे पुन्हा कारण चिकटलंच. एकाही फोटोचा कुणाला काही उपयोग झाला नाही, तरी आमचं मुंबईला जाणं तितकंच योग्य आहे. पोराटोरांच्या सहलीला, पुरुषांच्या ट्रिपला आपण उपयोग विचारतो का?

आपल्या घरातले अल्बम काढून बघा. लग्नाचा, बारशाचा, सत्यनारायणाचा. सगळ्यांत आपण आहोत. हनुवटी जरा वर, पदर सारखा, इकडं बघा, असं दुसऱ्यानं सांगितलेलं. आपण काय बघितलं, त्याचा मात्र एकही फोटो नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यात बाईच्या नजरेचा काही पुरावाच राहू नये, हे मला फार खटकतं. आठ जणींचे तीस-तीस फोटो म्हणजे तेवढा तरी पुरावा.

तुम्हाला मुंबई लांब पडत असेल तर पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर, कुठलंही जवळचं मोठं शहर निवडा. पावसाळा आणि कडक उन्हाळा टाळा. मुंबईला रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कुठं आहे ते बघून घ्या. आठ-दहा जणींपेक्षा जास्त नको, म्हणजे कुणी मागं राहत नाही. चुकामूक झालीच तर भेटायची एक जागा सकाळीच ठरवा आणि घरचे फोन दुपारी एकदाच, सगळ्यांनी एका वेळी करा, नाहीतर निम्मा दिवस 'भाजी कुठं ठेवलीय' यातच जातो. या महिन्यात आपल्याच गावात पाच किलोमीटरची तालीम करा. वाटेत कुणी विचारलंच, "कुठं निघालात?" तर दवाखान्याचं नाव घेऊ नका. फिरायला निघालोय, म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दुसऱ्या-तिसऱ्या चौकापर्यंत सवय होते.